‘पाच मिनिटं, अम्मी!’
मोबाईलवरचे गेम, आपली मुलं आणि घरातली नाती

मगरिबची नमाज झाली होती. दस्तरखान अंथरलं होतं, कोलंबीचं कालवण निवत चाललं होतं आणि मी तिसऱ्यांदा हाक मारली होती. आतल्या खोलीतून तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, ‘पाच मिनिटं, अम्मी!’ चौथी हाक मी मारलीच नाही. सरळ आत गेले, मुलाच्या हातातला मोबाईल ओढून घेतला आणि बंद केला.

चौदा वर्षांचा माझा मुलगा क्षणभर नुसता बघत राहिला. मग ओरडला, ‘तुला काही कळतं का? मी एकटा खेळत नव्हतो!’ न जेवताच त्याने खोलीचं दार लावून घेतलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘या लेकराने आजवर कुणावर आवाज चढवला नव्हता,’ त्या म्हणाल्या. पुढचे चार दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शाळेत जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. घरात असून नसल्यासारखा.

त्या चार दिवसांत मी ओळखीच्या आयांशी बोलले. मदरशाच्या दारात मुलांना न्यायला आलेल्या, लग्नाच्या दावतीत भेटलेल्या, माहेरच्या, सासरच्या. एकही घर असं सापडलं नाही जिथे हा विषय निघाल्यावर आई गप्प राहिली. कुणी मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला होता, कुणी वायफाय काढून टाकलं होतं, एकीने तर मोबाईल भिंतीवर आपटून फोडला होता. सगळ्यांची तक्रार एकच, ‘मुलगा आपला राहिला नाही.’ पण मुलगा नेमका कुणाचा झाला, तो तिथे काय करतो, कुणाशी बोलतो, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. मलाही नाही.

मधेच का उठता येत नाही?

आपल्या लहानपणी टीव्हीला जोडून जे व्हिडिओ गेम खेळले जायचे, ते कधीही थांबवता यायचे. मारिओ उडी मारता मारता हवेतच थांबायचा आणि आपण जेवून आलो की पुढे निघायचा. आजची मुलं जे खेळतात ते तसं नाही. बीजीएमआय हा गेम घ्या. साधारण शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रं शोधतात, सुरक्षित वर्तुळ हळूहळू लहान होत जातं आणि शेवटपर्यंत जो संघ टिकेल तो जिंकतो. असा एक सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. फ्री फायर मॅक्समध्ये साधारण पन्नास खेळाडू असतात आणि सामना दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो.

बहुतेक मुलं हे गेम चौघांचा संघ करून खेळतात. त्याला ती ‘स्क्वॉड’ म्हणतात. कानात इयरफोन असतो, चौघं एकमेकांशी सतत बोलत असतात. समोरचे खेळाडू खरी, हाडामांसाची माणसं असल्यामुळे खेळ थांबवायचं बटणच नसतं. एकजण मधेच उठला की उरलेले तिघं अडचणीत येतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये शेवटची ओव्हर चालू असताना बॅट टाकून घरी निघून गेलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी दोस्त काय म्हणतील? अगदी तेच इथेही होतं.

म्हणजे ‘पाच मिनिटं’ हे उत्तर दर वेळी थाप नसते. बऱ्याचदा ते अक्षरशः खरं असतं. अडचण त्या पाच मिनिटांनंतर सुरू होते. सामना संपतो आणि लगेच दुसरा सुरू करायचं बटण समोर येतं. रोज गेम उघडला तर बक्षीस मिळतं, एक दिवस चुकवला तर बुडतं. काही बक्षिसं ठरावीक मुदतीतच मिळवावी लागतात. हंगाम संपला की कमावलेली रँक खाली येते आणि चढण पुन्हा सुरू. दोस्त ऑनलाइन आला की मोबाईल वाजतो. हे सगळं ठरवून घडवलेलं असतं. गेम फुकट मिळतो. कंपनीची कमाई होते ती आतमध्ये विकल्या जाणाऱ्या पोशाखांवर, बंदुकीच्या रंगांवर आणि पासांवर. मूल जितका वेळ आत थांबेल तितकी विक्रीची संधी जास्त. शिकलेसवरलेले प्रौढ लोक मोठमोठ्या पगारावर ज्या गोष्टीवर मेहनत घेतात, तिच्यापासून चौदा वर्षांच्या मुलाने केवळ मनाच्या जोरावर दूर राहावं, अशी अपेक्षा आपण करतो. ती थोडी जास्तच आहे.

पडद्याआडची दोस्ती

‘मी एकटा खेळत नव्हतो’ या वाक्याचा उलगडा माझ्या बहिणीच्या मुलाने केला. तो कॉलेजात शिकतो. मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘खाला, त्याच्या स्क्वॉडमध्ये कोण आहे माहीत आहे का? त्याचे जुन्या शाळेतले तिघं.’

माझा मुलगा सातवीपर्यंत गावातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत होता. आठवीला आम्ही त्याला तालुक्याच्या शाळेत घातलं, मराठी माध्यमाच्या. पुढे त्याचं भलं होईल म्हणून. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, बाजारात मराठी बोलतो, त्यामुळे भाषेची अडचण येईल असं वाटलंच नव्हतं. पण बाजारातली मराठी वेगळी आणि भूगोलाच्या पुस्तकातली वेगळी. पहिल्या महिन्यात वर्गात उभं राहून वाचताना तो अडखळला आणि मुलं हसली. त्यानंतर त्याने हात वर करणं सोडलं. डबा तो एकटाच खात होता. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, त्याच्या अब्बांनाही नाही. सांगितलं होतं ते त्या तिघांना, रात्री साडेआठ ते साडेनऊ, गोळ्यांच्या आवाजात.

आणि मी नेमका तोच एक तास हिसकावून घेतला होता.

बायका सुखदुःख सांगताना समोरासमोर बसतात. मुलगे तसं करत नाहीत. ते शेजारी शेजारी बसून, दुसरंच काहीतरी करता करता बोलतात. पूर्वी मासे गळाला लावताना, सायकल हाणताना, कैऱ्या पाडताना बोलायचे. आता बरीच मुलं गेम खेळताना बोलतात. जागा बदलली, गरज तीच आहे.

नॉर्वे देशातल्या मॅट्स स्टीन या तरुणाची गोष्ट जगभर गाजली. त्याला स्नायू झिजत जाण्याचा असाध्य आजार होता. चाकाच्या खुर्चीत बसून तो दिवसचे दिवस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा गेम खेळायचा. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा आईवडिलांना सर्वांत मोठं दुःख हे होतं की आपल्या लेकराला दोस्ती, प्रेम काही मिळालंच नाही. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि युरोपभरातून अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. गेममध्ये तो ‘इबेलिन’ या नावाने ओळखला जायचा. त्याने कुणाला निराशेतून बाहेर काढलं होतं, कुणा आईला मुलाशी जवळीक साधायला मदत केली होती. नेदरलँड्समधल्या एका मुलीच्या आईवडिलांनी तिचा कॉम्प्युटर काढून घेतला, तेव्हा तिची दोस्ती तुटू नये म्हणून त्याने त्यांना पत्र लिहिलं होतं. त्याच्या जनाजाला गेममधले काही दोस्त दुसऱ्या देशांतून आले. वडिलांनी पुढे खंत बोलून दाखवली, मुलगा जिथे इतका वेळ घालवत होता त्या जगात आपण जास्त रस घ्यायला हवा होता. त्याच्या आयुष्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला.

ही गोष्ट अपवादाची आहे, हे मान्य. प्रत्येक मुलाच्या गेममध्ये असे दोस्त नसतात. पण संशोधन काय म्हणतं तेही पाहू. ब्रिटनमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ ३९ हजार खेळाडूंची माहिती थेट गेम कंपन्यांकडून घेऊन अभ्यासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, खेळण्याचे तास वाढले किंवा कमी झाले म्हणून माणसाच्या मनाच्या स्वास्थ्यावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. फरक दिसला तो वेगळ्याच गोष्टीत. जो आवडीने, आपल्या मर्जीने खेळतो त्याचं मन तुलनेने बरं असतं. जो खेळल्याशिवाय राहवत नाही म्हणून खेळतो, त्याचं नसतं. अर्थात हा अभ्यास प्रौढांचा होता आणि ठरावीक सात गेमपुरता होता. तरीही आपण आया ज्या एकाच गोष्टीवर भांडतो, ‘किती वेळ?’, तिच्याइतकाच ‘कशासाठी?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

घरातून काय निघून जातं?

हे सगळं समजून घेतल्यावर गेम निरुपद्रवी आहेत असं म्हणून मोकळं होता येईल का? नाही. जे दिसतं ते नाकारता येत नाही.

सर्वांत आधी जाते ती झोप. रमजानमध्ये तरावीहनंतर आपल्या मोहल्ल्यात एक चक्कर मारून बघा. मशिदीच्या बाजूच्या कट्ट्यावर मुलं ओळीने बसलेली असतात, माना खाली, चेहऱ्यांवर निळा उजेड. सहरीपर्यंत हेच. मग फजरनंतर जी झोपतात ती जोहर टळून गेल्यावर उठतात. चिडचिड, डोकेदुखी आणि इफ्तारपर्यंतचा रोजा कसाबसा रेटणं. रमजान वर्षातून एकदा येतो, पण काही घरांत ही रात्र बारा महिने चालते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. ती तुटली की लक्ष लागत नाही, राग लवकर येतो, मन खचतं. आपण ‘गेममुळे मुलगा रागीट झाला’ म्हणतो, तेव्हा निम्मा राग अपुऱ्या झोपेचा असतो.

उरलेल्या रागाचं काय? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये या विषयावरची आपली भूमिका पुन्हा तपासली. हाणामारीचे गेम खेळल्याने मुलं खरोखर हिंसाचार करतात, असं म्हणायला पुरेसा आधार नाही. मात्र आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी त्यांचा लहानसा पण पक्का संबंध आढळतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे गेम खेळणारा मुलगा गुन्हेगार होईल ही भीती नको, पण धाकट्या बहिणीवर तो जास्त खेकसतो आहे असं वाटलं तर ते उगीच वाटत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. स्क्वॉडमध्ये दर वेळी ओळखीचेच असतात असं नाही. गेम अनोळखी खेळाडूंशीही जोडून देतो आणि मग कानात येणाऱ्या शिव्या ऐकवत नाहीत. मुली खेळत असतील तर त्यांचं दुखणं आणखी वेगळं. आवाज ऐकून समोरच्याला मुलगी आहे हे कळलं की घाणेरडं बोलणं सुरू होतं, म्हणून कित्येक मुली माइक बंद ठेवतात, मुलाचं नाव घेऊन खेळतात. आणि अडचण आली तर घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की मोबाईलच काढून घेतला जाईल ही धास्ती. लक्षात घ्या, मुलगी गप्प बसते ती त्या अनोळखी माणसाच्या भीतीने नव्हे, आपल्या भीतीने.

मुलींबद्दल आणखी एक. मुलगा रात्री अकरापर्यंत कट्ट्यावर खेळला तर ‘मुलगा आहे’ म्हणून चालतं, मुलीने अर्धा तास खेळ मांडला तर घरभर चर्चा. ज्या मुलीला मैदान नाही, मैत्रिणीकडे जायची मुभा नाही, तिच्याकडे मोबाईलशिवाय दुसरं काय उरतं, हेही आपण स्वतःला विचारलं पाहिजे.

व्यसन कधी म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे गेमच्या व्यसनाचा विकार समाविष्ट केला. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा दिल्या आहेत. एक, खेळण्यावर ताबा राहत नाही. कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं हे माणसाच्या हातात उरत नाही. दोन, अभ्यास, जेवणखाण, नातीगोती, बाकीच्या आवडी या सगळ्यांच्या वर गेम जाऊन बसतो. तीन, नुकसान डोळ्यांसमोर होत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. आणि हे सगळं सहसा बारा महिने दिसत राहिलं, त्याने आयुष्याची घडी विस्कटली, तरच त्याला विकार म्हणायचं. परीक्षेनंतरच्या सुट्टीत आठ दिवस गेममध्ये बुडालेल्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणणं चुकीचं आहे. ते नाव एकदा चिकटलं की मूलही स्वतःला तसंच समजू लागतं.

डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात. पुष्कळदा गेम हा मूळ आजार नसतो, त्याच्या खाली नैराश्य, भीती, अभ्यासातली अडचण, चंचलपणाचा विकार असं काहीतरी दडलेलं असतं. मूल पळून जाऊन तिथे आसरा घेतं. अशा वेळी आसरा काढून घेतला आणि ज्याच्यापासून ते पळत होतं ते तसंच राहिलं, तर मूल आणखी उघड्यावर पडतं. ‘किती खेळतोस?’ या प्रश्नाआधी ‘कशापासून पळतोस?’ हे शोधायला हवं.

मदत मिळते. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१४ पासून मोबाईल आणि इंटरनेटच्या अतिवापरावर वेगळं उपचार केंद्र चालवलं आहे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येतं, मराठीतही. आपल्याकडे अशा वेळी कुणी झाडफूक सुचवतं, कुणी ‘नजर लागली’ म्हणतं. दुआ जरूर करा. पण ताप आल्यावर आपण दुआही करतो आणि औषधही देतो, तसंच मनाच्या दुखण्याचं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बंदीने काय साधतं?

आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. दोन्ही वेळा कारण देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या खाजगी माहितीचं होतं, मुलांच्या सवयींचं नव्हतं. आया मात्र खूश झाल्या होत्या. पण पबजी गेला आणि २०२१ मध्ये बीजीएमआय आला. फ्री फायर गेला तरी फ्री फायर मॅक्स राहिला. मुलं एका दारातून निघून दुसऱ्या दारातून आत गेली.

चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन गेम खेळता येतील असा नियम केला. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी मध्यरात्री ते सकाळी सहा असे गेम बंद ठेवण्याचा कायदा केला होता. दहा वर्षांनी तो मागे घेतला आणि निर्णय घरांवर सोपवला. कायदा दार लावू शकतो. दाराआड मूल एकटं का बसलंय, हे कायदा विचारत नाही. ते आईबापांनीच विचारायचं असतं.

एका बाबतीत मात्र बंदीच योग्य, आणि ती म्हणजे पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. जुगाराला जुगार म्हणायला आपल्या घरांना वेगळा कायदा लागत नाही, पण मोबाईलवर तो रमी, क्रिकेटचा संघ, रंगांचा अंदाज अशी नावं घेऊन येतो, म्हणून ओळखू येत नाही. इथे गोष्ट शाळकरी मुलांपेक्षा कमावत्या तरुणांची जास्त आहे. आधी शंभर रुपये जिंकून देतात, मग हजार जातात, मग ते परत मिळवण्यासाठी उसने घेतलेले दहा हजार. नंतर खोटं बोलणं, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावणं, आणि या सगळ्याची जिवाला जाळणारी शरम. अशा मुलाने कधी समोर बसून कबुली दिली तर पहिला शब्द शिवीचा नको. कर्ज फेडता येतं. घरात सांगायची सोय राहिली नाही म्हणून मुलाने जिवाचं काही करून घेतलं, तर ते भरून येत नाही.

आमच्या घरात काय बदललं

माझ्या मुलाचे अब्बा कुवेतला असतात. वर्षातून एकदा येतात. फोनवर बाप-लेकाचं बोलणं तीन प्रश्नांत संपायचं, ‘अभ्यास कसा चाललाय? नमाज पढतोस ना? अम्मीला त्रास देत नाहीस ना?’ तीन वेळा ‘हो’ म्हटलं की फोन माझ्या हातात. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझ्याशी खेळेल का तो काही?’

लॉकडाउनच्या काळात लुडो किंग घरोघरी पोचला होता, आठवतंय ना? नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ मध्ये आणलेला हा साधा गेम २०२० मध्ये कोकणातल्या आजीला आणि आखातातल्या नातवाला एका पटावर घेऊन आला. आमच्याकडे तो पुन्हा सुरू झाला. शुक्रवारी तिकडे सुट्टी. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे कुवेतला साडेसहा. बाप-लेक अर्धा तास लुडो खेळतात, मुलगी मधेच घुसते, दादी सोंगट्या कुणाच्या पुढे आहेत ते विचारत राहतात. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी, सोंगटी हलवता हलवता मुलगा सहज म्हणाला, ‘अब्बा, तुम्हाला तिथे पहिल्यांदा गेल्यावर बोलता यायचं का?’ मग अब्बांनी सांगितलं, अरबी येत नव्हतं, इंग्रजी मोडकंतोडकं, सहा महिने कॅन्टीनमध्ये एकटा जेवायचो. मुलाने काही उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री झोपायच्या आधी त्याने मला शाळेतल्या डब्याबद्दल सांगितलं.

बाकीचे बदल लहान आहेत. मोबाईल मी परत दिला, पण आधी माफी मागितली. मुलाची माफी मागायला जड गेलं, पण मागितली. आता जेवणाच्या अर्धा तास आधी सांगते, ‘ही शेवटची मॅच.’ नवी सुरू होण्याआधी सांगितलं तर तो ऐकतो. चालू मॅचमध्ये सांगितलं तर भांडण ठरलेलं. रात्री साडेनऊनंतर सगळ्यांचे मोबाईल दिवाणखान्यात चार्जिंगला, माझाही. हा नियम सर्वांत अवघड मलाच गेला. मी रील बघत अकरापर्यंत जागायचे आणि मुलाला झोपेवर भाषण द्यायचे. दस्तरखानावर फोन नाही, हा नियम घरी आलेल्या पाहुण्यांनाही सांगतो. एकदोन चाचा नाराज झाले, होऊ देत. गेममध्ये पैसे खर्च करायचे नाहीत, आणि माझ्या फोनच्या यूपीआयचा आकडा फक्त मलाच माहीत. कुणी अनोळखी माणसाने फोटो, नंबर किंवा भेट मागितली तर मला सांगायचं; सांगितलं म्हणून मोबाईल जाणार नाही, हे मी मुलाला आणि मुलीला दोघांनाही वचन दिलंय.

शाळेचंही बघितलं. वर्गशिक्षिकेला भेटले. त्यांनी त्याला एका मुलाशेजारी बसवलं, ज्याला गणित जमत नाही. माझ्या मुलाला गणित येतं. आता तो त्याला गणित सांगतो आणि तो याला मराठी. डबा दोघं मिळून खातात. गेमवरचा वेळ मी कमी केला नाही, तरी तो आपोआप थोडा कमी झालाय.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. परवा पुन्हा वाद झाला. त्याला रँक चढवायची होती आणि दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती. आवाज दोघांचेही चढले. फरक इतकाच की या वेळी त्याने दार लावून घेतलं नाही.

मागच्या रविवारी मी त्याला म्हटलं, ‘मला शिकव बघू.’ त्याला आधी खरंच वाटेना. मग त्याने मला विमानातून उडी कशी मारायची ते दाखवलं. मी उतरले, एका घरात शिरले, दार कसं उघडायचं ते शोधत असतानाच कुणीतरी मला टिपलं. दोन मिनिटंही टिकले नाही. तो पोट धरून हसला. कित्येक महिन्यांनी त्याचं असं हसणं ऐकलं. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हाक मारली, जेवायला चला म्हणून.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘पाच मिनिटं, अम्मी!’